भरवशाचा कारागीर

प्रस्तावना



घरातील एखादे यंत्र बिघडले, की आपल्याला दोन गोष्टींचा शोध घ्यावा लागतो. एक, बिघाडाचे कारण आणि दुसरी, तो बिघाड दूर करणारा माणूस. यंत्राची माहिती पुस्तकात मिळते. माणसाची पारख मात्र विचारपूस, निरीक्षण आणि थोडे ज्ञान यांच्या बळावर आपली आपणच करावी लागते. प्रस्तुत पाठ हा माहितीपर लेख आहे. तमिळनाडूतील तिरुप्पनंदाळ या गावाच्या निमित्ताने वातानुकूलन यंत्राचा दुरुस्तीकार कसा निवडावा आणि ग्राहक म्हणून आपले हक्क कोणते, याचा विचार त्यात केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाचे अध्ययन केल्यावर तुम्ही

• वातानुकूलन यंत्राचे कार्य स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल;
• चांगल्या दुरुस्तीकाराची लक्षणे ओळखू शकाल;
• ग्राहकाचे हक्क व कर्तव्ये स्पष्ट करू शकाल;
• तक्रारीचे औपचारिक पत्र लिहू शकाल.

मूळ पाठ

१. कावेरीकाठचा उन्हाळा

तंजावूर जिल्ह्यात कुंभकोणमच्या ईशान्येस तिरुप्पनंदाळ हे गाव आहे. अरुणजटेश्वराचे प्राचीन मंदिर आणि काशी मठ यांमुळे ते प्रसिद्ध आहे. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावूरला मराठी राज्य स्थापन केले व ते १८५५ पर्यंत टिकले. तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिरात १८०३ साली कोरलेला प्रदीर्घ मराठी शिलालेख आजही पाहता येतो. तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबेही तमिळनाडूत आहेत.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात थंडी अशी फारशी पडत नाही. त्यामुळे काश्मीर किंवा हिमाचल प्रदेशाप्रमाणे येथे घर उबदार ठेवण्याची साधने लागत नाहीत. उन्हाळा मात्र कठीण असतो. मे महिन्यातील सर्वांत प्रखर दिवसांना तमिळ लोक ‘अग्निनक्षत्रम्’ म्हणतात. कालवे आणि भातखाचरे यांच्या या प्रदेशात हवा दमट असते. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही आणि घाम वाळला नाही, तर शरीर थंड होत नाही. म्हणूनच तापमापकावरचा आकडा सांगतो त्याहून उकाडा अधिक जाणवतो.

पूर्वीच्या घरांनी यावर आपल्या परीने उपाय शोधला होता. घरापुढची ‘तिण्णै’ म्हणजे ओटा, मधला ‘मुट्रम’ म्हणजे मोकळा चौक आणि वर कौलारू छप्पर, अशी त्यांची रचना असे. आपल्या वाड्यांतील ओसरी आणि चौक यांची येथे सहज आठवण होते. आता सिमेंटच्या सपाट छताची घरे वाढली. दिवसभर तापलेले छत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. अशा घरात वृद्ध, आजारी माणूस किंवा तान्हे मूल असेल, तर वातानुकूलन यंत्र ही निव्वळ चैन राहत नाही. ऐन मे महिन्यात ते बंद पडले, तर दुरुस्तीचा प्रश्न प्रकृतीचा प्रश्न होऊन बसतो.

२. गारवा कसा निर्माण होतो

वातानुकूलन यंत्र थंडी ‘तयार’ करत नाही; ते घरातली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. खोलीतल्या भागात नळ्यांची एक जाळी असते. तिला कॉईल म्हणतात. या नळ्यांतील द्रवाची वाफ होताना तो खोलीतील उष्णता शोषून घेतो. बाहेरच्या भागातील कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. दाबामुळे तापलेली वाफ बाहेरच्या कॉईलमध्ये आपली उष्णता सोडते आणि पुन्हा तिचा द्रव होतो. हे चक्र अखंड चालू असते. या द्रवालाच व्यवहारात आपण ‘गॅस’ म्हणतो.

यंत्राची क्षमता टनात मोजतात. एक टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषील, तेवढी उष्णता बाहेर टाकण्याची ती शक्ती होय. ती सुमारे साडेतीन किलोवॉट भरते.

३. ‘गॅस संपला’

समजा, तिरुप्पनंदाळच्या एका घरात यंत्र गार हवा देईनासे झाले आहे. घरातील वृद्ध गृहिणीने दुरुस्तीकाराला बोलावले. त्याने यंत्र सुरू केले, हवेपुढे हात धरला आणि निदान सांगून टाकले.

“गॅस संपलाय, अम्मा. भरावा लागेल.”

“गेल्या उन्हाळ्यातही भरला होता, तंबी. मग तो गेला कुठे?”

तमिळ भाषेत ‘तंबी’ म्हणजे धाकटा भाऊ. बाईंनी आपुलकीने विचारलेल्या या एका प्रश्नात साऱ्या विषयाचे मर्म आहे. स्वयंपाकाचा गॅस जळून संपतो. यंत्रातील गॅस जळत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती असलीच पाहिजे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तोच खर्च करावा लागतो.

शिवाय, गारवा कमी होण्याचे कारण दर वेळी गॅसच असते असे नाही. जाळीवर धूळ बसली, तर हवेचा प्रवाह मंदावतो आणि कॉईलवर बर्फ साचतो. पाणी वाहून नेणारी नळी तुंबली, तर भिंतीवर पाणी ठिबकते. विजेचा दाब कमी असला किंवा कॅपॅसिटर निकामी झाला, तर कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. यांपैकी जाळी धुणे हे काम तर वीज बंद करून कोणालाही घरी करता येते.

जाणता कारागीर आधी या साध्या गोष्टी तपासतो. गळतीचा संशय आल्यास तो नळ्यांत नायट्रोजन भरून दाबाची चाचणी घेतो. छिद्र बुजवल्यावर पंपाने नळ्या निर्वात करतो आणि मगच वजन करून गॅस भरतो. कोणता गॅस व किती, हे यंत्रावरील पट्टीवर छापलेले असते. जुन्या यंत्रांत आर-२२ हा वायू असे. तो ओझोनच्या थराला घातक आहे. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आला. नव्या यंत्रांतील आर-३२ हा वायू काही प्रमाणात ज्वालाग्राही आहे, तर आर-२९० म्हणजे प्रोपेन असून तो सहज पेट घेतो. म्हणून एका यंत्रात दुसऱ्याच जातीचा गॅस भरणे किंवा गॅस असलेल्या नळीला डाग देणे जिवावर बेतू शकते.

४. पारख कशी करावी

कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैचे स्थपती आजही मेणाच्या साच्यावरून कांस्यमूर्ती ओततात. मूर्ती हवी असणारा माणूस त्यांचे जुने काम पाहतो आणि मग सांगावा धाडतो. यंत्राच्या दुरुस्तीकाराचे काम असे डोळ्यांना दिसत नाही. ते नळ्यांच्या आत दडलेले असते. म्हणून त्याची पारख वेगळ्या खुणांनी करावी लागते.

पहिली खूण शेजारपाजारची. ‘तो कारागीर चांगला आहे का?’ असे विचारू नये. ‘त्याने दुरुस्त केलेले यंत्र दुसऱ्या उन्हाळ्यात नीट चालले का?’ असे विचारावे. दुसरी खूण शिक्षणाची. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आयटीआयमध्ये, या व्यवसायाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकवला जातो. प्रमाणपत्राबद्दल विचारण्यात अपमान नाही. तिसरी खूण बोलण्याची. जो बिघाड दाखवून देतो, खर्चाचा अंदाज आधी सांगतो आणि काढलेला जुना भाग परत हाती देतो, त्याच्याकडे लपवण्यासारखे काही नसते.

यंत्र हमीच्या मुदतीत असेल, तर कंपनीच्या अधिकृत केंद्राकडेच जावे. त्याचा दूरध्वनी क्रमांक हमीपत्रावरून घ्यावा. इंटरनेटवर शोधताना सापडणारे काही क्रमांक भामट्यांनी पेरलेले असतात. दुरुस्तीसाठी बँकेचा गुप्त क्रमांक किंवा ओटीपी मागणारा माणूस दुरुस्तीकार असू शकत नाही.

५. पावतीचे बळ

पक्की पावती मागितली, की रक्कम वाढते, म्हणून अनेक जण ती टाळतात. परंतु पावती हाच ग्राहकाचा पुरावा असतो. तिच्यावर दिनांक, बदललेले भाग, गॅसची जात व वजन आणि कामाच्या हमीची मुदत लिहून घ्यावी.

ग्राहकाच्या हक्कांची जाणीव महाराष्ट्रात लवकर रुजली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. देशभर २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतात, कारण १९८६ साली याच दिवशी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष वस्तूप्रमाणेच सेवेतील त्रुटीबद्दलही दाद मागण्याचा अधिकार या कायद्याने दिला आहे. प्रथम दुरुस्तीकाराला लेखी कळवावे. उपयोग न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्यानेही भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क पडत नाही. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडेही ती करता येते.

६. कारागिराची बाजू

हक्कांबरोबर कर्तव्येही येतात. ज्या उन्हापासून आपण घरात आसरा घेतो, त्याच उन्हात दुरुस्तीकार गच्चीवर किंवा भिंतीच्या अरुंद कठड्यावर उभा राहून काम करतो. त्याला सुरक्षित जागा आणि पक्की शिडी मिळेल याची काळजी घ्यावी. मे महिन्यात सगळ्यांची बोलावणी एकदम येतात व कामात घाई होते. म्हणून तपासणी फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकावी. यंत्रही बेताने वापरावे. १ जानेवारी २०२० पासून बनलेल्या घरगुती यंत्रांत सुरुवातीचे तापमान २४ अंशांवर ठेवणे बंधनकारक झाले, ते विजेची बचत व्हावी म्हणूनच.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. ‘काही बिघडलेले नाही, फक्त जाळी धुवा,’ असे सांगून जाणारा कारागीर स्वतःचे तेवढे नुकसान करून घेत असतो. त्याला भेटीचे पैसे आनंदाने द्यावेत, त्याचा क्रमांक जपून ठेवावा आणि शेजाऱ्यांनाही कळवावा. गावात प्रामाणिक कारागीर टिकतो तो अशा ग्राहकांच्या आधारावरच.

शब्दार्थ

निदान – बिघाडाचे वा रोगाचे कारण ओळखणे. निर्वात – हवा नसलेले. ज्वालाग्राही – चटकन पेट घेणारे. स्थपती – मूर्ती किंवा मंदिरे घडवणारा शिल्पकार. त्रुटी – उणीव, कमतरता. डाग देणे – धातूचे तुकडे वितळलेल्या धातूने जोडणे.

पाठगत प्रश्न

१. दमट हवेत उकाडा अधिक का जाणवतो?
२. ‘एक टन’ या मापाचा अर्थ लिहा.
३. गळती न शोधता गॅस भरण्याला लेखकाने कशाची उपमा दिली आहे?

तुम्ही काय शिकलात

• वातानुकूलन यंत्र खोलीतील उष्णता बाहेर टाकते. त्यातील गॅस वापराने संपत नाही.
• कारागिराची पारख शेजाऱ्यांचा अनुभव, शिक्षण आणि व्यवहारातील मोकळेपणा यांवरून होते.
• पावती हा ग्राहकाचा पुरावा आहे. हक्कांबरोबर कर्तव्येही पाळावी लागतात.

स्वाध्याय

१. ‘मग तो गेला कुठे?’ या प्रश्नाचे महत्त्व आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.
२. दुरुस्तीनंतर पंधरा दिवसांतच यंत्र पुन्हा बंद पडले, अशी कल्पना करून दुरुस्ती केंद्राच्या व्यवस्थापकांना तक्रारपत्र लिहा.
३. तुमच्या परिसरातील तीन घरांत चौकशी करून यंत्रदुरुस्तीचा त्यांचा अनुभव लिहून काढा.
४. ‘फुटक्या घागरीत पाणी ओतणे’ आणि ‘जिवावर बेतणे’ यांचा स्वतंत्र वाक्यांत उपयोग करा.