अठरा उत्तरांची परीक्षा

विमा प्रतिनिधी होण्यासाठीची परीक्षा या व्यवसायात आयसी-38 या नावानेच ओळखली जाते. 50 प्रश्न, एक तास, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि पास व्हायला 35 टक्के पुरतात. म्हणजे 18 उत्तरं बरोबर आली की झालं. आता एक हिशेब करून बघा. ज्याला फक्त आठ उत्तरं नक्की येतात, त्याने उरलेल्या 42 प्रश्नांना डोळे मिटून खुणा केल्या, तरी चारांत एक या प्रमाणाने सरासरी दहा-अकरा उत्तरं बरोबर येतात. आठ आणि दहा, अठरा. थोडं नशीब साथीला असलं की तो पास. कोथरूडमध्ये पौड रस्त्यावर, कर्वे रस्त्यावर किंवा डहाणूकर कॉलनीत एखाद्या एजन्सीच्या कार्यालयात नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला मला आधी हा हिशेब दाखवावासा वाटतो. परीक्षा सोपी आहे हे त्याला कळावं म्हणून नव्हे, तर पास झाल्याच्या निकालावरून आपल्याला विमा किती समजला याचा काहीच अंदाज येत नाही, हे कळावं म्हणून.

तरीही बहुतेकांची तयारी त्या अठरा उत्तरांवर डोळा ठेवूनच होते. जुने प्रश्नसंच फोनवरून फिरत असतात, ते दोन-तीनदा वाचून पर्याय पाठ केले जातात. यातला धोका असा की विम्यातल्या तारखा, मुदती आणि आकडे गेल्या काही वर्षांत भराभर बदलले आहेत. पॉलिसी हातात आल्यावर ती परत करण्याची मुदत, म्हणजे फ्री लूक, बहुतेक पॉलिसींना 15 दिवसांची होती. 2024 च्या नियमांनी ती 30 दिवस झाली. आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त 48 महिन्यांचा होता, तो 36 महिन्यांवर आला. सलग आठ वर्षं पॉलिसी चालवल्यावर मिळणारं संरक्षण पाच वर्षांवर आलं. त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. विमा लोकपालाकडे तक्रार नेण्याची मर्यादा 30 लाखांची 50 लाख झाली. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी उठला. जुन्या संचावर विसंबणारा माणूस यांतली अर्धी उत्तरं चुकीची पाठ करतो, आणि ती चुकीची आहेत हे त्याला समजण्याचा मार्गही नसतो, कारण आकड्यामागचं कारण त्याने कधी वाचलेलंच नसतं.

कारण समजलं नाही तर काय होतं, हे मालमत्तेच्या विम्यात फार स्पष्ट दिसतं. सरासरीचा नियम प्रत्येक प्रश्नसंचात असतो. कर्वे रस्त्यावरच्या एका दुकानात 20 लाखांचा माल आहे आणि विमा 10 लाखांचाच उतरवला आहे असं धरू. आग लागून 4 लाखांचं नुकसान झालं, तर भरपाई 4 लाख मिळत नाही, 2 लाख मिळते. निम्म्या मालाचा धोका मालकाने स्वतःच्या अंगावर ठेवला होता. हे सूत्र पाठ करणं सोपं आहे. पण 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी जी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी आली तिच्यात हा नियम लागूच होत नाही. छोट्या व्यवसायांसाठीच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’मध्ये रक्कम 15 टक्क्यांपर्यंत कमी पडली तर तेवढी तूट माफ असते. ज्याने केवळ सूत्र घोकलं तो फ्लॅटच्या मालकाला आणि दुकानदाराला एकच उत्तर देईल, आणि दोघांपैकी एकाला नक्की चुकीचं देईल. वाहनाचंही तसंच. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. अशा पुरानंतर गाडीधारकाचा पहिला प्रश्न असतो की इंजिनचं काय. सर्वसमावेशक पॉलिसीत पूर हा धोका असतो, पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायला गेल्याने इंजिन बिघडलं तर इंजिन संरक्षणाचं जोडकलम घेतलेलं नसताना तो खर्च सहसा नाकारला जातो. नुकसानीचं निकट कारण हे प्रकरण मन लावून वाचलेला माणूस हा फरक फोनवर, गाडीला किल्ली लावण्याआधीच सांगू शकतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो: आम्ही कार्यालयात बसून कागद सांभाळतो, विकण्याचं काम साहेबांचं, मग एवढं कशाला? मला हा आक्षेप मान्य नाही. एजन्सीत प्रपोजल फॉर्म बहुतेक वेळा कर्मचारीच भरतात, आणि विमा करारातली सगळ्यात नाजूक जागा तीच आहे. कोथरूडमध्ये कितीतरी घरांत मुलं परदेशी असतात आणि सत्तरीतले आईवडील दोघंच राहतात. काकांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळी चालू आहे, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने तो आजारच नाही. फॉर्म भरणाऱ्याने ‘काही आजार?’ एवढंच विचारून रकान्यात ‘नाही’ लिहिलं, तर त्या एका शब्दाची किंमत रुग्णालयात दाखल झाल्यावर त्या घराला मोजावी लागते. ‘रोज कोणत्या गोळ्या घेता?’ असा प्रश्न विचारायचा असतो हे त्याला सुचतं, ज्याने परम सद्भावाचं तत्त्व समजून घेतलं आहे. आयुर्विम्यात कलम 45 नुसार तीन वर्षांनंतर पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. 2015 च्या दुरुस्तीआधी ही मुदत दोन वर्षांची होती आणि फसवणुकीचा अपवाद होता. पण पहिल्या तीन वर्षांत मृत्यू आला तर तोच फॉर्म कंपनी बारकाईने तपासते. कलम 41 चंही असंच आहे: हप्त्यात सूट म्हणून कमिशनमधला वाटा देणं बेकायदा, हे उत्तर परीक्षेत सगळ्यांचं बरोबर येतं, आणि ग्राहकाने हसत ‘काही परत मिळेल ना?’ म्हटलं की तिथेच पाय घसरतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. परीक्षेत गुण अभ्यासक्रमाच्या पुस्तकाप्रमाणे मिळतात, मग आजचे नियम शोधून डोकं का पिकवायचं? यात तथ्य आहे. पुस्तकात जे आहे तेच परीक्षेत लिहावं, त्यात वाद नको. मात्र पुस्तकाची आवृत्ती कोणत्या वर्षाची आहे ते पहिल्या पानावर बघावं आणि जिथे आकडा आहे तिथे समासात पेन्सिलीने आजचा आकडा लिहावा. संध्याकाळी घरचं आवरून अभ्यासाला बसणाऱ्या गृहिणीला किंवा निवृत्तीनंतर या कामाकडे वळलेल्या गृहस्थांना वेळ थोडा असतो हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी तर तत्त्वं आधी समजून घेणं अधिक फायद्याचं. विमाहित, परम सद्भाव, नुकसानभरपाई, निकट कारण ही चार प्रकरणं नीट कळली की पुढची निम्मी उत्तरं तर्काने काढता येतात. घोकलेली दोनशे उत्तरं आठवड्यात पुसट होतात.

म्हणून मी सुचवतो ती पद्धत अशी. पहिला आठवडा प्रश्नसंच उघडूच नये. पुस्तकाचं एक प्रकरण वाचावं आणि लगेच स्वतःच्या घरातली एखादी खरी पॉलिसी, आरोग्याची असेल तर उत्तम, काढून ते तत्त्व तिच्या कोणत्या कलमात उतरलं आहे ते शोधावं. ‘काय समाविष्ट नाही’ हा भाग दोनदा वाचावा. एरवी तो कुणी वाचत नाही, आणि क्लेमच्या दिवशी सगळे तिथेच येऊन थांबतात. नंतर ते कलम घरातल्या एखाद्याला साध्या मराठीत समजावून सांगावं. अडखळलात तर प्रकरण पुन्हा वाचावं. सराव चाचण्या शेवटच्या चार दिवसांत, घड्याळ लावून. एका प्रश्नाला 72 सेकंद मिळतात आणि ती पुरेशी आहेत. चाचणीत येत नसलेलं उत्तर अंदाजाने बरोबर आलं तर ते चूक म्हणून मोजावं, आणि स्वतःची मर्यादा 18 नव्हे, 40 धरावी. पास झाल्यावर भारतीय विमा संस्थेची लायसेन्शिएट परीक्षा पुढे आहे; मुंबईची ही संस्था 1955 पासून विमा शिकवते आहे. कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनी तिचा अर्ज पहिल्या वर्षातच भरावा, अभ्यासाची सवय अजून मोडलेली नसते तेव्हा.