नोकरीत असताना अपंगत्व आले तर



काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेत एक गृहस्थ मुदत ठेव ठेवण्यासाठी आले होते. एका सार्वजनिक उपक्रमात त्यांची १६ वर्षे नोकरी झाली होती. अपघातात त्यांचा एक पाय गेला. ‘आता तुमच्याकडून काम होणार नाही, स्वतःहून राजीनामा द्या, म्हणजे पैसे लवकर मिळतील,’ असे त्यांना सांगण्यात आले व त्यांनी सही केली. त्या पैशांची पावती आम्हीच लिहिली. कायदा त्यांच्या बाजूने होता, हे त्या दिवशी त्यांना ठाऊक नव्हते आणि पदवीधर म्हणवणाऱ्या आम्हालाही नव्हते. ती रुखरुख मनात आहे, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

कायद्याची वाटचाल

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार व विकलांगता या प्रसंगी नागरिकाला साहाय्य मिळावे, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. परंतु अपंग व्यक्तींच्या हक्कांचा स्वतंत्र कायदा १९९५ साली झाला व तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४७ ने सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकण्यास मनाई केली.

या कलमाचा कस कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात लागला. कर्तव्यावर असताना पायाला इजा होऊन या जवानाचा पाय कापावा लागला व त्याला सेवेतून मुक्त करण्यात आले. त्याला निवृत्तिवेतन मिळते, मग नोकरी कशाला, असा सरकार पक्षाचा सूर होता. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली तो अमान्य केला. निवृत्तिवेतन मिळते म्हणून कलम ४७ चे संरक्षण हिरावून घेता येत नाही, असा निर्णय दिला.

पुढे ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ आला व १९ एप्रिल २०१७ पासून जुन्या कायद्याची जागा त्याने घेतली. पूर्वी अपंगत्वाचे ७ प्रकार होते, ते आता २१ झाले.

कलम २० काय सांगते?

हे कलम सरकारी आस्थापनांना लागू आहे. सरकारी कंपन्या, महामंडळे, स्थानिक संस्था व सरकारी मदतीवर चालणाऱ्या संस्था यांचाही त्यात समावेश होतो. कामाचे स्वरूप पाहून सरकार अधिसूचनेद्वारे एखाद्या आस्थापनेला सूट देऊ शकते. एरवी –

१) नोकरीच्या कोणत्याही बाबतीत अपंगत्वावरून भेदभाव करता येत नाही.

२) कामासाठी वाजवी सोय करून देणे बंधनकारक आहे. उदाहरणार्थ, चाकाच्या खुर्चीसाठी उतरण, तळमजल्यावर टेबल, अंध कर्मचाऱ्याच्या संगणकावर पडदा वाचून दाखवणारी यंत्रणा. अशी सोय नाकारणे हाही कायद्याच्या व्याख्येनुसार भेदभावच होय.

३) केवळ अपंगत्वामुळे बढती नाकारता येत नाही.

४) सेवेत असताना अपंगत्व आले तर कमी करता येत नाही वा पदावनती करता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यावे. तसे पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर, अधिसंख्य पदावर ठेवावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ४ टक्के आरक्षणासाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. भेदभावापासूनचे संरक्षण देताना मात्र कलम २० ने ४० टक्क्यांची अट घातलेली नाही.

खाजगी नोकरीचे काय?

कलम २० खाजगी आस्थापनांना लागू नाही, ही उणीव मान्य केली पाहिजे. तरीही प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावे, असे कलम २१ सांगते. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेने त्या धोरणात कोणत्या सोयी देणार व कोणती पदे योग्य आहेत हे नमूद करावयाचे असते. म्हणून प्रथम ते धोरण मागून घ्यावे.

दाद कोठे मागावी?

सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असतो. कलम २३ नुसार तक्रार नोंदल्यापासून २ आठवड्यांत चौकशी झाली पाहिजे. समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. त्याशिवाय राज्याच्या बाबतीत राज्य आयुक्त व केंद्राच्या बाबतीत नवी दिल्ली येथील मुख्य आयुक्त यांच्याकडे अर्ज करता येतो. आयुक्तांची शिफारस आल्यावर संबंधितांनी ३ महिन्यांत कार्यवाही कळवावी लागते आणि शिफारस मान्य नसेल तर कारणे द्यावी लागतात. कायद्याचा भंग केल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत व पुन्हा केल्यास ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे.

थोडक्यात, अपंगत्वाचे प्रमाणपत्र वेळीच काढावे. पर्यायी कामाची मागणी लेखीच करावी, तिच्या प्रतीवर पोच घ्यावी व सर्व कागद जपून ठेवावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, इस्पितळातून नुकतेच घरी आलेल्या माणसाने घाईने राजीनाम्यावर किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करू नये. एकदा सही झाली की पुढची लढाई फार अवघड होते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वस्तीत असा प्रसंग कोणावर आला तर त्या घरी जा, कलम २० वाचून दाखवा आणि अर्ज लिहून द्या. आमच्याकडून त्या दिवशी जे राहून गेले, ते तुमच्याकडून राहू नये, एवढीच अपेक्षा.