गुन्हा कबूल आहे का? : वाहतुकीचे चलान आणि आपला बचाव

गेल्या पावसाळ्यात मंडळाच्या अभ्यासवर्गानंतर वस्तीतील एक तरुण आमच्याजवळ आला आणि मोबाईल पुढे करून म्हणाला, "काका, हा दंड भरू की नको?" सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर दुचाकीवरून घरोघरी पार्सले पोहोचविण्याचे काम, असा त्याचा दिनक्रम. हेल्मेट न घालता गाडी चालविल्याचे ई-चलान त्याच्या नावे आले होते आणि ठिकाण होते नाशिक. गाडी मात्र त्या दिवशी कल्याणला कॉलेजच्या आवारात उभी होती, कारण त्याची परीक्षा होती.

आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. हिशेब लगेच मांडला. कोर्टात खेटे घालायचे तर दोन-तीन दिवसांची कमाई बुडणार, त्यापेक्षा दंड कमी. आम्ही सांगून टाकले, "भरून टाक आणि मोकळा हो." त्यावर तो एवढेच म्हणाला, "पण काका, मी तिथे नव्हतोच."

त्या वाक्याने आम्हाला ओशाळल्यासारखे झाले. न केलेली गोष्ट केवळ सोय म्हणून मान्य कर, असा सल्ला आम्ही एका विद्यार्थ्याला दिला होता. म्हणून आम्ही कायद्याची पुस्तके उघडली, ओळखीच्या वकिलांना विचारले, आणि त्या मुलाबरोबर कोर्टाची पायरीही चढलो. त्यातून जे शिकलो ते सभासदांच्या व विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चलान म्हणजे शिक्षा नव्हे

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही, की चलान हा आरोप आहे, निकाल नव्हे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० प्रमाणे काही ठरावीक गुन्ह्यांत ठरलेली रक्कम भरून प्रकरण तडजोडीने मिटविता येते. पोलीस चौकीत किंवा मोबाईलवर आपण जी रक्कम भरतो ती हीच. ती भरली की प्रकरण संपते, परंतु आपली बाजू मांडण्याची संधीही तिथेच संपते. आरोप मान्य नसेल तर शिक्षा देण्याचा अधिकार पोलिसांना नाही. तो न्यायदंडाधिकाऱ्यांचा आहे.

पूर्वी दंडाच्या रकमा किरकोळ असत व माणसे वाद घालीत नसत. २०१९ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्रात वाढीव रकमा डिसेंबर २०२१ पासून लागू झाल्या. सर्वसाधारण नियमभंगाला (कलम १७७) पहिल्या वेळी पाचशे व पुन्हा केल्यास पंधराशे रुपयांपर्यंत दंड आहे. हेल्मेटच्या गुन्ह्याला (कलम १९४-ड) कायद्याने हजार रुपये दंडाबरोबरच तीन महिने लायसन्ससाठी अपात्र ठरविण्याची तरतूद केली आहे. ज्याची भाकरी दुचाकीवर अवलंबून आहे त्याच्या दृष्टीने तीन महिने म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

आधी स्वतःला विचारा

बचाव म्हणजे पळवाट नव्हे. गेल्या वर्षी शाखेत पोहोचण्याच्या घाईत आम्ही स्वतः लाल दिवा ओलांडला. फोटोत आमची गाडी, आमचा नंबर, एवढेच काय, हँडलला अडकविलेली डब्याची पिशवीही स्पष्ट दिसत होती. आम्ही त्याच दिवशी पैसे भरले. जिथे चूक आपली आहे तिथे कोर्टाचा वेळ घेणे हे खोटे बोलण्याइतकेच वाईट. तेव्हा चलान येताच पहिला प्रश्न कायद्याला नव्हे, स्वतःला विचारावा : हे मी केले आहे काय?

उत्तर 'होय' असेल तर दंड भरून पावती जपावी. उत्तर 'नाही' असेल, तर पुढचा भाग वाचावा.

कागद गोळा करा

बँकेत आम्ही एक गोष्ट शिकलो : तोंडी सांगितलेले विसरले जाते, कागद राहतो. चलान आल्याबरोबर पुढील गोष्टी कराव्यात.

(१) चलानावरील तारीख, वेळ, ठिकाण, कलम आणि गाडीचा नंबर वहीत उतरवून घ्यावा. फोटो असल्यास तो मोठा करून पाहावा. गाडीचा प्रकार, रंग व नंबरातील प्रत्येक आकडा आपल्या आर. सी. बुकाशी ताडून पाहावा.

(२) त्या वेळी आपण वा आपली गाडी अन्यत्र होती याचा पुरावा शोधावा. कामावरची हजेरी, परीक्षेचे हॉल तिकीट, पार्किंगची पावती, दवाखान्याचा केसपेपर, काहीही चालेल.

(३) गाडी विकली असेल तर कागदपत्रे पाहावीत. राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत आर. टी. ओ.ला कळवावे, असे कलम ५० सांगते. दरात पैसे मोजून घेतले, किल्ली दिली आणि विसरलो, असे अनेकांचे होते. नोंद आपल्याच नावे राहिली की नव्या मालकाची चलाने आपल्या दारी येतात.

(४) लायसन्स वा आर. सी. घरी राहिली म्हणून चलान झाले असल्यास हे लक्षात ठेवावे, की २०१८ सालच्या दुरुस्तीनंतर डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधील कागद दाखविणेही ग्राह्य आहे.

यानंतर आधी वाहतूक शाखेकडे लेखी तक्रार करावी. महाराष्ट्र पोलिसांच्या महाट्रॅफिक अॅपवरही तक्रारीची सोय आहे. तक्रारीचा क्रमांक व उत्तर जपून ठेवावे. मुदतीचे व पद्धतीचे नियम अलीकडे बदलत आले आहेत, म्हणून नोटिशीवर जी मुदत छापली असेल ती सर्वांत आधी पाहावी व ती चुकवू नये.

कायद्याने पोलिसांवरही बंधने घातली आहेत

कायदा केवळ गाडी चालविणाऱ्यास बांधतो असे नव्हे. आपल्या प्रकरणाला लागू पडतील अशी चार बंधने पाहू.

वेगाचा आरोप. कलम १८३ च्या पोटकलम ३ नुसार, एकाच साक्षीदाराच्या 'गाडी फार वेगात होती' अशा मतावर कोणाला दोषी ठरविता येत नाही. ते मत यांत्रिक वा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने केलेल्या मोजमापावर आधारलेले असावे लागते. म्हणून वेगाच्या चलानात पहिला प्रश्न हा, की वेग कशाने मोजला?

इशारा किंवा नोटीस. वेगमर्यादा ओलांडणे (कलम १८३) आणि धोकादायक रीतीने गाडी चालविणे (कलम १८४) या दोन गुन्ह्यांना कलम २०९ लागू आहे. खटला होऊ शकतो असा इशारा जागीच दिलेला असावा, किंवा चौदा दिवसांत नोटीस पाठविलेली असावी, किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स बजावलेले असावे. तिन्हीपैकी एकही नसेल तर दोषी ठरविता येत नाही. मात्र आपला वा मालकाचा पत्ताच वेळेत मिळू शकला नाही किंवा आपण होऊन टाळाटाळ केली, असे कोर्टास वाटल्यास ही सवलत मिळत नाही. म्हणून आर. टी. ओ.कडील पत्ता व मोबाईल नंबर अद्ययावत ठेवणे आपल्याच हिताचे.

कॅमेऱ्याचा पुरावा. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घालण्यात आला. उपकरणाला मान्यतेचे प्रमाणपत्र असावे व त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, चलानासोबत नंबर व गुन्हा दाखविणारा स्पष्ट फोटो, मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र असावे, असे तो नियम सांगतो. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला असून असे प्रमाणपत्र आता त्याच्या कलम ६३ खाली येते.

मुदत. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यावी, असा फौजदारी प्रक्रियेचा नियम आहे. पूर्वी तो कलम ४६८ मध्ये होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. विलंबाचे योग्य कारण दिसल्यास न्यायालय तो माफ करू शकते. तथापि फार जुन्या चलानाची नोटीस आल्यास ही तारीख तपासल्यावाचून राहू नये.

न्यायालयात काय घडते

समन्स आल्यास ते टाळू नये. गैरहजर राहिल्यास वॉरंट निघू शकते आणि मग साध्या चलानाचे मोठे प्रकरण होते. समन्सवर वकिलामार्फत हजर राहण्याची अथवा पत्राने गुन्हा कबूल करून रक्कम पाठविण्याची मुभा दिली आहे काय, हेही वाचावे. कलम २०८ मध्ये तशी सोय आहे.

कोर्टात वेळेपूर्वी जावे, साधे व स्वच्छ कपडे घालावेत, मोबाईल बंद ठेवावा. पुकारा झाला की पुढे व्हावे. न्यायाधीश आरोप थोडक्यात सांगतात आणि विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" साऱ्या प्रकरणाचे मर्म या एका प्रश्नात आहे. रांग मोठी असते, शेजारचा कुजबुजतो, "हो म्हण, लवकर सुटशील." पण एकदा कबुली दिली की त्या दोषसिद्धीविरुद्ध अपील करता येत नाही, फार तर शिक्षेच्या प्रमाणाविषयी बोलता येते. म्हणून उत्तर खरे असेल तेच द्यावे. नाकबूल असल्यास "गुन्हा कबूल नाही, साहेब" एवढे स्पष्ट म्हणावे. त्या क्षणी सारी कथा सांगू लागू नये, तिची वेळ पुढे येते.

नंतर आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते. चलान करणाऱ्या पोलिसांची साक्ष होते व आपणांस उलटतपासणी घेता येते. प्रश्न थोडे व छोटे असावेत : आपण कोठे उभे होता? गाडी किती अंतरावर होती? फोटो कोणत्या उपकरणाने काढला? त्यातील गाडी कोणत्या प्रकारची आहे? साक्षीदाराशी भांडू नये, त्याच्या हेतूवर चिखल उडवू नये. तोही आपल्यासारखाच नोकरी करणारा माणूस आहे. पुढे न्यायालय आपले म्हणणे विचारते, तेव्हा आपले कागद सादर करावेत. हवे असल्यास आपण स्वतः शपथेवर साक्ष देऊ शकतो, परंतु तशी सक्ती करता येत नाही. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा : आपल्याजवळ लायसन्स होते की नाही, यासारखी खास आपल्यालाच ठाऊक असणारी गोष्ट आपणच दाखवून द्यावी लागते.

वकील व लोकअदालत

अशा प्रकरणात स्वतःची बाजू स्वतः मांडता येते, त्यासाठी वकील असलाच पाहिजे असे नाही. पण धीर होत नसेल किंवा गुन्हा तुरुंगवासाच्या शिक्षेचा असेल, जसे दारू पिऊन गाडी चालविणे (कलम १८५), तर वकील अवश्य घ्यावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले, अपंग व औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तेथे अर्ज करावा. हा हक्क आहे, उपकार नव्हे, आणि आपल्यापैकी अनेकांस त्याची माहितीच नाही.

लोकअदालतीविषयी एक गैरसमज दूर करावयास हवा. तेथे तडजोड होते, निर्दोषत्वाचा निवाडा होत नाही, आणि तेथील निवाड्यावर अपीलही नाही. चूक झाली आहे पण थकलेली रक्कम एकदम पेलत नाही, अशांना लोकअदालत उपयोगी. चूकच झालेली नाही, त्यांचा मार्ग न्यायालयाचाच.

बँकेतल्या माणसाची एक सूचना

हल्ली चलानाच्या नावाखाली खोटे संदेश येतात. त्यात लिंक असते किंवा एपीके फाईल उतरवून घ्या असे सांगितलेले असते. ती फाईल उघडली की खाते रिकामे होऊ शकते. सरकारी संकेतस्थळाच्या नावाचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असा असतो. संदेशातील लिंकवर बोट न ठेवता स्वतः त्या स्थळावर जाऊन गाडीच्या नंबरने चलान आहे का ते पाहावे. चलान खरे आहे की नाही हे पाहणे, ही बचावाची पहिली पायरी होय.

त्या मुलाचे काय झाले?

त्याच्या तक्रारीला एका ओळीचे नकाराचे उत्तर आले. प्रकरण कोर्टात गेले. पहिल्या तारखेला दुपारपर्यंत बसून त्याने "कबूल नाही" म्हटले. दुसऱ्या तारखेला फोटो मोठा करून पाहण्यात आला. त्यातील गाडी स्कूटर होती, याची मोटारसायकल. आणि जो आकडा तीन वाटत होता तो नीट पाहता आठ होता. त्याने आर. सी. व परीक्षेचे हॉल तिकीट पुढे ठेवले. न्यायाधीशांनी दोन प्रश्न विचारले आणि त्यास निर्दोष मुक्त केले.

त्याची दोन दिवसांची कमाई बुडाली, ती कोणी भरून दिली नाही. हिशेबाच्या वहीत हा व्यवहार तोट्याचाच दिसेल. परंतु परतताना लोकलमध्ये तो म्हणाला, "काका, साहेबांनी माझे ऐकून घेतले." आम्ही त्याला दिलेला पहिला सल्ला चुकीचा होता, हे आम्ही त्याच्याजवळ कबूल केले. तो गुन्हा मात्र आमचाच होता.

विद्यार्थी मित्रांनी हा लेख वाचून बाजूला ठेवू नये. घरात, वस्तीत कोणाला चलान आले तर त्याच्याजवळ बसून ते वाचून दाखवावे, तारखा तपासाव्यात, तक्रार लिहून द्यावी. चूक झाली असेल तर दंड भरावयास सांगावे. झाली नसेल तर तारखेला त्याच्यासोबत जावे. कोर्टात पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या माणसाला शेजारी ओळखीचा एक चेहरा असला, तरी फार धीर येतो.