हातची दोरी, हातची तिकाटी

आषाढात वारी आपल्या सोलापूर जिल्ह्यातून पंढरपुरास जाते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत येते. मुक्काम आला की दिंडीतली माणसे कशी कामाला लागतात, हे तुम्ही पाहिले असेल. कोणी पाल ठोकतो. कोणी तीन दगड जमवून चूल मांडतो. कोणी दोन झाडांना दोरी बांधून ओली धोतरे वाळत घालतो. आता पुष्कळ दिंड्यांत गॅसची शेगडी आली आहे. तरी पालाची दोरी ताणायची ती हातानेच, आणि गाठ सुटली तर पावसात भिजायचेही आपणच!

हेच कसब शाळेतल्या मुलांना बालवीर पथकात, म्हणजे स्काउटमध्ये शिकवतात. इंग्लंडात बेडन पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी नावाच्या बेटावर मुलांना नेऊन असे पहिले शिबिर भरवले. आपल्याकडे भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था १९५० साली झाली. शिबिरात मुले काठ्या आणि दोरी एवढ्यावरच फाटक, भांड्यांची मांडणी, चपला ठेवायचा घोडा अशा वस्तू करतात. शेवटच्या दिवशी पाहुणे येतात, त्यांना त्या दाखवतात. दाखवायची हौस वाईट नाही. आम्हालाही ती फार होती.

एका वर्षी आम्ही मुलांना घेऊन माळावर मुक्काम केला. मुलांनी चुलीवर भांडे टांगायला तिकाटी केली. तिकाटी म्हणजे तीन काठ्या शेंड्याशी बांधून खाली पाय फाकवून उभा केलेला घोडा. काठ्यांना गेरू लावला, वर झेंडा लावला. बांधली मात्र दुकानच्या बारीक सुतळीने. सुतळी कच्ची आहे हे आम्हाला दिसत होते. पण पाहुणे यायचे होते, म्हणून आम्ही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी डाळीला उकळी आली आणि तिकाटीचा एक पाय मुरमावरून सरकला. सुतळी तुटली. भांडे कलंडले आणि कढत डाळ एका मुलाच्या पायावर पडली.

घाबरून आम्ही त्यावर दौतीतली शाई ओतली. तेव्हा तशीच रीत होती. ती चुकीची आहे. भाजल्यावर शाई, तेल, हळद काही लावू नये. साधे गार पाणी वीस मिनिटे सारखे ओतावे, स्वच्छ कापड सैल झाकावे आणि दवाखान्यात न्यावे. फोड फोडू नये. पोराचे नशीब, पाऊल थोडक्यात बचावले.

जवळच मेंढरांचा वाडा बसला होता. आरडाओरड ऐकून एक म्हातारे मेंढपाळ आले. त्यांनी तुटलेली सुतळी बोटावर गुंडाळून पाहिली.

"गुरुजी, दिसायला झ्याक हाय. पन ही सुतळी पुडी बांधायची. भांडं टांगायची न्हवं."

"आबा, मग कशानं बांधायचं?" आम्ही विचारले.

आबांनी गाठोड्यातून घायपाताचा वाळलेला वाख काढला. घायपात तुम्हाला ठाऊकच आहे. कोणी त्याला केकताड म्हणतात. बांधावर, रेल्वेच्या कडेला असते. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले, पण आता आपलेच झाले आहे.

वाख काढायची रीत अशी. खालची जून पाने कापावीत. टोकाचा काटा आधी छाटून टाकावा. पान दगडावर ठेवून लाकडाने ठेचावे, बोथट पात्याने गर खरवडावा. पांढरे धागे उरतात ते धुऊन वाळवावेत. याच्या रसाने अंगाला खाज सुटते, म्हणून हाताला फडके गुंडाळावे आणि डोळे जपावेत. धुतलेले पाणी विहिरीत किंवा जनावरांच्या हौदात जाऊ देऊ नये.

आता दोरी वळणे. वाखाच्या सारख्या जाडीच्या दोन बटा घ्या. त्यांची टोके एकत्र बांधून खुंटीला अडकवा. उजव्या हातातल्या बटेला आपल्यापासून पलीकडे पीळ द्या. मग ती पिळलेली बट दुसऱ्या बटेवरून आपल्याकडे आणा. आता दुसरी बट उजव्या हातात आली. तिलाही पलीकडे पीळ द्या आणि अलीकडे आणा. असेच करीत राहा. बटेचा पीळ एका बाजूला आणि दोरीचा पीळ उलट बाजूला, ही यातली किल्ली आहे. बट उकलू पाहते तेव्हा दोरी अधिक आवळते, आणि दोरी उकलू पाहते तेव्हा बट आवळते. दोघी एकमेकींना धरून ठेवतात. बटेचा आणि दोरीचा पीळ एकाच बाजूला दिला तर हात सोडताच सगळे उलगडेल. वाख संपत आला की नवा जोडावा, पण दोन्ही बटांत एकाच जागी जोडू नये. तिथेच दोरी तुटते.

तिकाटीसाठी माणसाच्या उंचीच्या, मनगटाएवढ्या जाड तीन काठ्या घ्याव्यात. वेडी बाभूळ माळावर हवी तेवढी आहे, चांगले झाड तोडू नये. कण्हेरीची काठी मात्र चुलीजवळ मुळीच आणू नये, ती विषारी असते. काठ्या शेजारी शेजारी ठेवा. शेंड्यापासून एक वीत खाली दोरी एका काठीवरून, दुसरीखालून अशी विणत सहासात फेरे घ्या. फार आवळू नका, पाय फाकणार नाहीत. मग काठ्यांच्या मधल्या फटींतून दोन दोन आवळफेरे घेऊन निरगाठ मारा. आमच्या मुलांनी सुरगाठ मारली होती. ती ओढताच सुटते. दावे सोडायला ती बरी, इथे नाही.

चार पायांचे बाजले उंचसखल जागी डुगडुगते, तीन पायांची तिकाटी डुगडुगत नाही. पण तिचे पाय सरकतात. म्हणून प्रत्येक पायाला चार बोटे खोल खड्डा घ्यावा. भांडे दोरीने टांगू नये, जाळाने दोरी जळते. खालचा भाग तारेचा किंवा साखळीचा असावा.

नवी तिकाटी उभी राहिली तेव्हा पोरे लगेच डाळ चढवायला निघाली. आबांनी त्यांना थांबवले. त्यांनी डाळीच्या भांड्याच्या दुप्पट वजनाचा धोंडा तारेने बांधून खाली टांगला.

"ऱ्हाऊ द्या रातभर. सकाळी बघू."

सकाळी तोंड धुवायच्या आधी पोरे तिकडे पळाली. धोंडा जागेवर होता. दोरी थोडी ताणली होती, एक पाय बोटभर खचला होता. तो खड्डा आबांनी पुन्हा ठोकून घट्ट केला. भाजलेला पोरगा गोणपाटावर पाय पसरून बसला होता. तो सगळ्यांना ओरडून सांगत होता, लांब उभे राहा रे. मग डाळ चढली.