'मित्राची गोष्ट' आणि 'कोबाल्ट ब्लू' : सांगण्याचा प्रश्न

समलिंगी व्यक्तीने आपले वेगळेपण आप्तांना सांगणे, या कृतीला मराठीत सर्वमान्य असा शब्द नाही. 'कबुली' म्हणावे तर गुन्हा गृहीत धरला जातो; 'प्रकटीकरण' हा शब्द बहुधा दैवतांच्या वाट्याला गेलेला. ही शब्दांची वाण केवळ कोशकारांची अडचण नव्हे. सांगणारी व्यक्ती कोणाच्या तोंडून बोलते आणि ऐकणारा कोण, हा वाङ्मयीन प्रश्न तिच्याशी निगडित आहे.

विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. सुमित्रा, म्हणजेच मित्रा, आपले सत्य विश्वासाने सांगते ते बापूला. बापू तिच्यावर प्रेम करणारा, भिडस्त, आणि नाटकाचा निवेदकही तोच. प्रेक्षकांपर्यंत पोहोचते ती त्यामुळे बापूने सांगितलेली मित्रा. शीर्षकातील श्लेष येथे अर्थपूर्ण ठरतो : 'मित्राची' हे रूप 'मित्रा' आणि 'मित्र' या दोन्ही नामांचे आहे.

महाविद्यालयीन नाटकात मित्रा पुरुषपात्र रंगवते आणि नमाकडे ओढली जाते. रंगमंचावर जे शोभले तेच रंगमंचाबाहेर कुचाळकीचा विषय होते. तिला नामोहरम करण्यासाठी कायद्याची गरजच भासत नाही; कुजबुज पुरते. बापू तिला आपली खोली वापरू देतो, सहानुभूती देतो. अखेरपर्यंत तिच्या बाजूने उभे राहण्याचे बळ मात्र त्याच्यात नाही. मित्राची आत्महत्या हा तिच्या प्रवृत्तीचा अटळ परिणाम मानण्याचा मोह वाचकाला होऊ शकतो. संहिता त्याला आधार देत नाही. तिला एकटे पाडणाऱ्यांत भला बापूही आहे, आणि हे बापूच्याच निवेदनातून उमगते, हे तेंडुलकरांचे यश म्हणावे लागेल.

सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीत तनय स्वतः बोलतो. परंतु निघून गेलेल्या प्रियकराला उद्देशून. कलम ३७७ तेव्हा लागू होते. प्रौढांमधील संमतीचे संबंध त्यातून सर्वोच्च न्यायालयाने वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. तरीही तनयची कोंडी मुख्यतः कायद्याची नाही. त्याच भाडेकरूबरोबर त्याची बहीण अनुजा घर सोडते आणि एकटी परतते. तिच्या प्रेमभंगाने घर हादरते, रागावते, तिला सावरू पाहते. त्याच माणसासाठी तनयही झुरत असतो. पण त्याच्या मौनाचे कारण विचारावे, असे घरात कोणाला सुचत नाही.