चेहरा उजेडात आणताना : कॅमेरा आणि प्रकाशाचा पहिला धडा



आम्ही पाड्यांवर दाखवतो त्या छोट्या माहितीपटांविषयी गेल्या काही महिन्यांत अनेकांनी विचारणा केली. दोन मंडळ्यांच्या तरुण संघांना आपापल्या भागात असेच काम सुरू करायचे आहे. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : "ताई, कॅमेरा कोणता घ्यावा?" त्याचे उत्तर या लेखात शेवटी येईल. आधी एका चुकीबद्दल सांगते, कारण मी जे काही शिकले ते त्या चुकीपासूनच.

आजीचे तोंड

मी जव्हार-मोखाड्याच्या भागात काम करते. पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे सापाची भीती सुरू होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्या राज्यात आहेत. त्यातली मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, त्यामुळे घरच्यांना कळतच नाही. पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, आणि तोवर वेळ निघून जाते.

एका पाड्यावरच्या आजींच्या नातवाला असाच दंश झाला होता. आजींनी कुणाचे ऐकले नाही. मध्यरात्री जीपवाल्याला उठवले आणि पोराला सरळ सरकारी दवाखान्यात नेले. पोर वाचले. मला वाटले, आजींनीच हे चार पाड्यांना सांगावे. चिरा देऊ नका, घट्ट आवळून बांधू नका, हातपाय हलवू देऊ नका, थेट दवाखाना गाठा, हे माझ्या तोंडून ऐकणे वेगळे आणि त्यांच्या तोंडून ऐकणे वेगळे.

मी मोबाइलवर चित्रण केले. आजींना दारात बसवले. त्यांच्या मागे अंगण, शेत, डोंगर, आकाश, सगळे कसे सुंदर दिसत होते! मी घराच्या आत उभी राहिले आणि बटण दाबले.

शेजारच्या पाड्यावर चादरीवर ती फिल्म दाखवली. डोंगर झकास दिसत होता. आजींच्या जागी एक काळी सावली बोलत होती. मागून कुणीतरी विचारले, "बोलतंय कोण?" एकाने दुसऱ्याच बाईचे नाव घेतले. लोक हसले, आणि सापाची गोष्ट तिथेच संपली.

पुढच्या आठवड्यात आजींनीही ती पाहिली. त्या एवढेच म्हणाल्या, "ताई, माझं तोंड काळं केलंस गं."

मराठीत या शब्दांचा अर्थ काय होतो, हे आपण सगळे जाणतो. त्या रागाने बोलल्या नव्हत्या, पण मला रात्री झोप आली नाही. धर्मशास्त्राच्या पदविकेत मी प्रकाश या विषयावर प्रवचन लिहिले होते, त्याला गुणही चांगले मिळाले होते. पण माणसाला उजेडात कसे बसवायचे, हे मला येत नव्हते.

यंत्राला काय दिसते

आपला डोळा आकाशही पाहतो आणि दारातल्या आजींचा चेहराही पाहतो. कॅमेऱ्याला एका वेळी दोन्ही झेपत नाही. तो आपोआप चालतो तेव्हा त्याचे गणित साधे असते : समोरचे सगळे मिळून मध्यम करड्या रंगाइतके उजळ दिसले पाहिजे. मागे लख्ख आकाश असेल, तर तो सगळे चित्र गडद करतो. त्यात माणूस बुडतो, आणि सावळा माणूस आधी बुडतो.

याला इतिहासही आहे. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी छपाईच्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना कार्ड देत असे. त्यावर वर्षानुवर्षे गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. तिची त्वचा बरोबर दिसली की छपाई बरोबर, असा हिशेब होता. आजही बऱ्याच मोबाइलमध्ये चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणारा 'ब्युटी' पर्याय असतो. तो आधी बंद करा. आपल्या माणसांचा रंग बदलण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.

मग यंत्राला सांगायचे कसे? बहुतेक मोबाइलमध्ये पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट दाबून धरले की तिथला फोकस आणि उजेड कायम होतो. शेजारी सूर्याचे छोटे चिन्ह येते. ते वर सरकवले की चित्र उजळते, खाली सरकवले की गडद होते. मागे अंधार असेल तर उलटी चूक होते. कॅमेरा चित्र गरजेपेक्षा जास्त उजळतो आणि चेहरा फिका पडतो. तेव्हा सूर्य थोडा खाली आणावा. कपाळावरचा घाम, गालाचे हाड, सुरकुत्या हे सगळे दिसले पाहिजे.

दार हाच पहिला दिवा

कारवीच्या कुडाला शेणमातीने लिंपलेली आमच्याकडची घरे आत अंधारी असतात. खिडकी असली तर लहान. मला आधी ही अडचण वाटायची. आता कळते की स्टुडिओवाले पैसे मोजून जे उभे करतात, ते या घरात आयतेच असते : एकाच बाजूने येणारा मोठा, मऊ उजेड.

माणसाला उंबरठ्यापासून दोन हात आत बसवा, तोंड दाराकडे पण जरा तिरके. कॅमेरा दाराच्या चौकटीजवळ ठेवा आणि स्वतः दारात उभे राहून उजेड अडवू नका. एक गाल उजळ, दुसरा थोडा सावलीत, मागे घरातला अंधार. चेहरा आपोआप पुढे येतो.

काम बरोबर झाले की नाही, हे डोळ्यांत पाहून कळते. बुबुळात उजेडाचा छोटा ठिपका दिसला पाहिजे. तो नसेल तर माणूस उदास आणि थकलेला वाटतो, मग तो कितीही आनंदात असो.

बाहेर चित्रण करायचे तर सकाळी किंवा संध्याकाळी. भर दुपारी ऊन डोक्यावरून येते आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. दुपारीच करायचे असेल तर पडवीची किंवा दाट झाडाची सावली शोधा. पानांतून चेहऱ्यावर उन्हाचे कवडसे पडत असतील, तर जागा बदला.

पांढरी चादर

एक गाल फारच अंधारात जात असेल, तर त्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरा. दाराचा उजेड तिच्यावर आदळून परत चेहऱ्यावर येतो. शीट जवळ नेली की सावली उजळते, लांब नेली की गडद होते. शीट नसेल तर पांढरे धोतर किंवा चादरही चालते.

ही युक्ती नवी नाही. आमच्या मोखाड्याहून नाशिककडे जाताना त्र्यंबकेश्वर लागते. दादासाहेब फाळके यांचा जन्म तिथला, १८७० चा. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा एक मूकपट पाहून आपणही चित्रपट काढावा, असे त्यांच्या मनात आले, हे आपल्या वाचकांना ऐकून आनंद होईल. तेव्हा ते चाळिशीत होते. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते इंग्लंडला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. आल्यावर पहिला प्रयोग केला तो वाटाण्याच्या रोपावर. रोज थोडे थोडे चित्रण करून, बी रुजून रोप वाढतानाची छोटी फिल्म त्यांनी तयार केली. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. तेव्हा चित्रण उन्हाच्या भरवशावर चाले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडत, रसायने मिसळत, आणि चित्रणाच्या वेळी पांढऱ्या चादरी धरून उन्हात तासन्‌तास उभ्या राहत.

दुसरे उदाहरण बंगालचे. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'चे छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी त्याआधी चित्रपटाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. त्यानंतर 'अपराजितो' (१९५६) करताना बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभे करावे लागले. अंगणात आकाशातून उतरणारा मऊ उजेड दिव्यांनी कसा आणायचा? मित्र यांनी सेटवर पांढरे कापड ताणले आणि दिवे थेट माणसांवर न सोडता त्या कापडावर सोडले. तिथून परतलेला उजेड खऱ्या दिवसासारखा दिसला.

तेव्हा तरुण मित्रांनो, कॅमेरा धरणाऱ्याइतकेच काम चादर धरणाऱ्याचे आहे. दोघांनी आळीपाळीने दोन्ही कामे करावीत.

रंग आणि लुकलुक

प्रकाशाला रंग असतो. दिवसाचा उजेड साधारण ५,६०० केल्विनचा, निळसर. जुन्या पिवळ्या बल्बचा सुमारे २,८०० केल्विनचा. दारातून दिवसाचा उजेड आणि डोक्यावर पिवळा बल्ब असला की चेहरा अर्धा निळा, अर्धा नारिंगी होतो. उपाय सोपा आहे : बल्ब बंद करा. 'व्हाइट बॅलन्स' हाताने बदलता येत असेल तर उन्हाच्या चिन्हावर ठेवा, म्हणजे मध्येच रंग पालटणार नाही.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूबलाइटखाली चित्रण केले की कधी पडद्यावर पट्टे सरकतात किंवा चित्र लुकलुकते. मोबाइलमध्ये 'प्रो' पर्याय असेल तर शटर १/५० ठेवा आणि जमल्यास सेकंदाला २५ चित्रे निवडा. लुकलुक बहुधा थांबते.

छोटा एलईडी दिवा वापरताना एक नियम लक्षात ठेवा. दिवा दुप्पट लांब नेला तर उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणून मोठा दिवा घेण्यापेक्षा लहान दिवा जवळ आणा, आणि तो चेहऱ्यावर न मारता चादरीवर मारा.

आवाज

चित्र थोडे वाईट असले तरी लोक पाहतात, आवाज वाईट असेल तर उठून जातात. मोबाइल चार हात लांब असेल तर त्याला कोंबडा, वारा आणि पत्र्यावरचा पाऊस आधी ऐकू येतो. वायरचा कॉलर माइक पदराला लावा, वारा असेल तर त्यावर मऊ कापड गुंडाळा, आणि दहा सेकंद चित्रण करून हेडफोनने ऐका. मगच बोलायला सांगा.

खर्चाचा हिशेब

आमचे सगळे साहित्य असे : मोबाइलच्या पकडीसह ट्रायपॉड १,४०० रुपये, कॉलर माइक ९००, थर्माकोलच्या दोन शीट १६०, छोटा एलईडी दिवा २,२००, मेमरी कार्ड ५५०. एकूण ५,२१० रुपये. मोबाइल माझा स्वतःचाच. चित्रण १०८० पीमध्ये करतो. ४ के घेतले तर कार्ड भरते आणि आमच्या चादरीवर फरक दिसत नाही. झूम वापरत नाही, चालत जवळ जातो. आणि दर वेळी लेन्स पुसतो, कारण खिशातल्या मोबाइलच्या लेन्सला बोटांचे तेल लागलेलेच असते.

एका कुटुंबाने कॅमेऱ्यासाठी ६० हजार रुपये देऊ केले होते. त्यांचे प्रेम मोठे आहे. मी त्यांना थोडे थांबायला सांगितले. माझ्या पहिल्या फिल्ममध्ये आजींचा चेहरा काळा झाला, तो ६० हजारांच्या कॅमेऱ्यातही काळाच झाला असता, कारण चुकीच्या जागी मी उभी होते. कोणता कॅमेरा घ्यावा, याचे माझे उत्तर हेच : जो हातात आहे त्यावर सहा महिने शिका. नंतर काय कमी पडते, ते तुम्हालाच सांगता येईल.

विचारल्याशिवाय नाही

चित्रणापूर्वी हे कुठे आणि कुणाला दाखवणार ते सांगा. झाल्यावर त्या माणसाला ते दाखवा. नको म्हटले तर त्याच्यासमोर पुसून टाका. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारा. एक कबुलीही देते : मदत मिळावी म्हणून रडणारे, फाटक्या कपड्यांतले चेहरे शोधण्याचा मोह आम्हा कार्यकर्त्यांना होतो. मलाही झाला आहे. तुमच्या घरातल्या आजारी माणसाचे असे चित्र कुणी मंडळीत दाखवले तर तुम्हाला कसे वाटेल, हा प्रश्न मी आता बटण दाबण्याआधी स्वतःला विचारते.

पुन्हा आजींकडे

मी परत गेले, चूक कबूल केली, आणि पुन्हा बोलाल का, असे विचारले. आजींनी मला चहा दिला आणि लुगडे बदलून आल्या. या वेळी त्यांना आत बसवले, दाराकडे तोंड करून. नातवाने थर्माकोल धरला. त्याचा हात दुखला की उजेड हलायचा आणि आजी त्याला दटावायच्या. ते दटावणे आम्ही फिल्ममध्ये तसेच ठेवले.

त्याच शेजारच्या पाड्यावर पुन्हा चादर बांधली. आजी स्वतः आल्या आणि पुढे बसल्या. त्यांचा चेहरा आला तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच घराचे दार चमकत होते. कुणी विचारले नाही की बोलतंय कोण. फिल्म संपल्यावर चार बाया त्यांच्याभोवती बसल्या आणि जीपवाल्याचा नंबर मागू लागल्या.

सराव

तरुण संघांनी पुढच्या सभेपर्यंत एवढे करावे. घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारून तीन ठिकाणी बसवा : दाराकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून, आणि तिरके. प्रत्येक ठिकाणी दहा सेकंद चित्रण करा. तिसऱ्या जागी पांढरी चादर धरून आणखी एकदा करा. चारही तुकडे आवाज बंद करून टीव्हीवर पाहा आणि डोळ्यांतला ठिपका शोधा. मग त्या व्यक्तीलाच विचारा, यातले कोणते चित्र तुम्ही आहात. त्यांचे उत्तर वहीत लिहून ठेवा आणि सभेला घेऊन या.

प्रभूच्या सेवेत, तुमची एक बहीण.