जुना कॅमेरा, नवा कॅमेरा आणि रेकॉर्डरची पेटी



आपल्या गट कार्यालयांत येणाऱ्या चौकशीत ऊसबिल, बेणे आणि ठिबक यांच्या जोडीला हल्ली एक नवाच विषय येऊ लागला आहे. तो म्हणजे कॅमेरे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले पुण्यात स्थायिक झाली. हडपसर, धायरी, वारजे या भागांत कोणाचे खतांचे दुकान आहे, कोणाचे गोदाम, कोणाच्या भाड्याच्या खोल्या. तिथे पाच-सात वर्षांपूर्वी चार कॅमेरे बसवलेले असतात आणि आता आणखी दोन हवे असतात. मग बुधवार पेठेत तपकीर गल्ली गाठावी, तर दुकानदार पहिलाच प्रश्न टाकतो, "अ‍ॅनालॉग पाहिजे का आय.पी.?" इथं आपला माणूस गप्प होतो. मग "जुनं सगळं काढून टाका" असा सल्ला मिळतो आणि चांगले चालणारे चार कॅमेरे भंगारात जातात. हा भुर्दंड टळावा म्हणून आम्ही हा पाठ देत आहोत.

कॅमेरा हा दाखवायचा दागिना नव्हे, हे पुणे शहराने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कातील जर्मन बेकरीत स्फोट झाला, १७ माणसे गेली. त्या तपासात बेकरीतल्याच कॅमेऱ्याचे चित्रण हा एक महत्त्वाचा धागा होता. पुढे १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले आणि शहरभर कॅमेरे बसवण्याच्या कामाला जोर आला. काही वर्षांतच पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून बाराशेच्या वर सरकारी कॅमेरे चौकाचौकांत उभे राहिले. एवढी मोठी यंत्रणा असो की आपले दहा बाय पंधराचे दुकान, प्रश्न शेवटी एकच असतो: घटना घडली त्या वेळचे चित्र पेटीत आहे का, आणि ते बाहेर काढता येते का? कॅमेरा भिंतीवर चकाकतो आहे, पण जोडणी चुकल्यामुळे पेटी कोरी आहे, असे प्रकार आम्ही पाहिले आहेत.

आता मूळ फरक समजून घेऊ. आपल्याच धंद्यातले उदाहरण घ्या. शेतकरी ऊस तोडून जसाच्या तसा कारखान्यावर पाठवतो. रस काढणे, आटवणे, साखर करणे हे सारे कारखान्यात होते. अ‍ॅनालॉग कॅमेरा असाच आहे. तो कच्चे चित्र तारेतून पाठवतो आणि ते आकड्यांत बदलून, दाबून लहान करून साठवण्याचे काम डी.व्ही.आर. नावाची पेटी करते. याउलट ज्याचे स्वतःचे गुऱ्हाळ आहे तो रानातच गूळ करतो आणि तयार ढेपा बाजारात धाडतो. आय.पी. म्हणजे नेटवर्क कॅमेरा हा गुऱ्हाळवाला. त्याच्या पोटातच छोटा संगणक असतो. चित्र तिथेच दाबून तयार होते आणि लॅन केबलीतून पाठवले जाते. त्याची पेटी एन.व्ही.आर. तिला ढेपा फक्त रचून ठेवायच्या असतात. म्हणून एन.व्ही.आर.च्या दारात ऊस टाकून उपयोग नाही, कारण तिथे चरकच नाही. १९९६ साली स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कंपनीने पहिला नेटवर्क कॅमेरा बाजारात आणला, तेव्हापासून या दोन्ही जाती शेजारी शेजारी नांदत आहेत.

अ‍ॅनालॉगची जोडणी सोपी आहे. कॅमेऱ्याला दोनच गोष्टी लागतात, चित्राची तार आणि १२ व्होल्टचा सप्लाय. बाजारात 'थ्री प्लस वन' नावाची केबल मिळते. तिच्यात एक कोअ‍ॅक्सियल तार चित्रासाठी आणि तीन बारीक वायरी विजेसाठी असतात. चित्राच्या तारेला दोन्ही टोकांना बी.एन.सी. पिन लावायची, ती पेटीच्या मागे बसवून थोडी फिरवली की अडकते. पिन लावताना आतली तांब्याची तार आणि बाहेरची जाळी एकमेकींना शिवली तर चित्र गेलेच म्हणून समजा. बंद पडलेला कॅमेरा आमच्याकडे दाखवायला आणला की आम्ही आधी पिनाच तपासतो, आणि बहुतेक वेळा तिथेच दोष सापडतो.

विजेकडे मात्र दुर्लक्ष करू नये. पुष्कळांची तक्रार असते की, "दिवसा चित्र झकास, रात्री कॅमेरा बंद-चालू होतो." कॅमेऱ्याला भुताटकी झालेली नसते. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याला जास्त करंट लागतो. समजा बारीक वायरीचा जाऊन-येऊन विरोध ६ ओहम आहे आणि कॅमेरा रात्री अर्धा अ‍ॅम्पिअर ओढतो, तर ३ व्होल्ट वायरीतच खर्च होतात आणि कॅमेऱ्याला ९ च मिळतात. तो तग धरणार कसा? लांबच्या कॅमेऱ्याला जाड वायर वापरावी किंवा त्याच्या जवळच वेगळा सप्लाय द्यावा. तसेच चित्रावर आडव्या पट्ट्या सरकत असतील, तर बहुधा दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक आहे किंवा केबल मोटारीच्या वायरीला चिकटून नेली आहे.

अ‍ॅनालॉगमध्येही पोटजाती आहेत आणि फसगत इथे जास्त होते. जुने साधे कॅमेरे कमी बारकाईचे चित्र देत. नंतर त्याच कोअ‍ॅक्सियल तारेतून स्वच्छ चित्र पाठवण्याच्या टी.व्ही.आय., सी.व्ही.आय. आणि ए.एच.डी. अशा तीन पद्धती निघाल्या. पिन तीच, तार तीच, पण भाषा वेगळी. सी.व्ही.आय. कॅमेरा फक्त टी.व्ही.आय. समजणाऱ्या पेटीला लावला तर पडदा काळा तरी राहतो, नाही तर चित्र लोळते. आजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत या तिन्ही आणि जुनी साधी अशा चारही भाषा असतात. त्यांच्या शेपटीला एक छोटे बटण असते, ते ठरावीक दिशेला काही सेकंद दाबून धरले की भाषा बदलते. कॅमेरा खराब म्हणून परत करण्याआधी हे बटण दाबून पाहावे.

आता आय.पी. कॅमेरा. याला एकच लॅन केबल पुरते. पी.ओ.ई. स्विच वापरला तर वीजही त्याच केबलीतून जाते. मर्यादा एकच, एका दमात १०० मीटर. पुढे जायचे तर मध्ये स्विच हवा. आवारातल्या दोन इमारतींमध्ये अंतर असेल आणि वर उघडे आभाळ असेल, तर आमचे मत स्पष्ट आहे: तांबे नकोच, फायबर टाकावी. वळवाच्या पावसात वीज कडाडली की तांब्याच्या तारेने दोन्हीकडची यंत्रे एकदम जातात.

या कॅमेऱ्याला पोस्टाच्या पत्त्यासारखा पत्ता असतो. कंपनी सगळ्या कॅमेऱ्यांना बहुधा एकच पत्ता देऊन पाठवते, उदाहरणार्थ १९२.१६८.१.६४ किंवा १९२.१६८.१.१०८. दोन नवे कॅमेरे एकदम लावले की दोघांचा पत्ता एक. मग पोस्टमनने काय करावे? म्हणून एका वेळी एकच कॅमेरा जोडावा. त्याला प्रथम पक्का पासवर्ड द्यावा, मग वेगळा पत्ता द्यावा, तो वहीत लिहून ठेवावा आणि मगच दुसरा जोडावा. पत्त्याचे पहिले तीन आकडे राउटर, पेटी आणि कॅमेरा यांचे सारखे असावेत, शेवटचा प्रत्येकाचा वेगळा. ज्या एन.व्ही.आर.ला मागे स्वतःचीच पी.ओ.ई. दारे असतात, ती पेटी पत्ते आपोआप वाटते. तिथे एवढा खटाटोप नाही.

कंपनी वेगवेगळी असेल तर? २००८ साली अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून ओनव्हिफ नावाची संस्था काढली, ती याचसाठी. एकाचा कॅमेरा दुसऱ्याच्या पेटीत चालावा, हा तिचा हेतू. पण काही कॅमेऱ्यांत ओनव्हिफ मुळात बंद असते. ते कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करावे लागते आणि त्यासाठी वेगळे नाव व पासवर्ड द्यावा लागतो. पेटी पासवर्ड चूक सांगत असेल, तर तो पेटीचा नव्हे, कॅमेऱ्याचा पासवर्ड मागते आहे, हे ध्यानात घ्या. पुन्हा पुन्हा चुकीचा टाकला तर कॅमेरा काही वेळ स्वतःला कुलूप लावून घेतो. कॅमेरा जोडला गेला पण चित्र नाही, असे झाले तर त्याची चित्र दाबण्याची पद्धत एच.२६५ वरून एच.२६४ वर आणावी. जुन्या पेटीला नवी पद्धत कळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जुने चार अ‍ॅनालॉग आणि नवे दोन आय.पी. एकाच पेटीत बसतील का? बसतील, पेटी मिश्र जातीची असेल तर. बाजारात तिला एक्स.व्ही.आर. किंवा हायब्रीड म्हणतात. तुमच्याकडे आठ चॅनेलची अशी पेटी असेल तर चार जागा रिकाम्याच आहेत. पेटीच्या सेटिंगमध्ये चॅनेलचा प्रकार बदलण्याचे पान असते. तिथे सातवा आणि आठवा चॅनेल अ‍ॅनालॉगवरून आय.पी. करावा, पेटी बंद होऊन पुन्हा चालू होईल, मग कॅमेऱ्याचा पत्ता आणि पासवर्ड भरावा. या पेटीला लॅनचे बहुधा एकच दार असते, म्हणून कॅमेरे राउटरला किंवा स्विचला जोडायचे आणि पेटीही तिथेच. चारच चॅनेलची पेटी असेल आणि चारही भरलेले असतील, तर काही पेट्या वर एक-दोन आय.पी. घेतात, काही घेत नाहीत. विकत घेण्यापूर्वी जुन्या पेटीच्या मागच्या चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून दुकानदाराला दाखवावा, एवढ्याने निम्मे काम होते. एन.व्ही.आर. आधीच घेऊन ठेवली असेल तर जुन्या कॅमेऱ्यांसाठी मध्ये एन्कोडर बसवावा लागतो. चार कॅमेऱ्यांसाठी तो खर्च करण्यापेक्षा मिश्र पेटीच घ्यावी, असे आम्हास वाटते.

हार्ड डिस्कचा हिशेब तर प्रत्येकाने स्वतः करावा. तो टनेजच्या हिशेबापेक्षा सोपा आहे. कॅमेरा सेकंदाला १ मेगाबिट पाठवत असेल तर दिवसाला १०.८ जी.बी. होतात. ४ मेगाबिटचा कॅमेरा म्हणजे ४३.२ जी.बी., आणि असे सहा कॅमेरे म्हणजे सुमारे २५९ जी.बी. रोज. २ टी.बी.ची डिस्क आठव्या दिवशी भरते आणि पेटी जुन्यावर नवे लिहायला लागते. आता विचार करा. काट्यावर वजनाबद्दल शंका आली, पावती हातात पडून दहा दिवस झाले आणि मग सभासदाने चित्रण मागितले. पेटी म्हणणार, नाही. बैल गेला नि झोपा केला! चोरीचेही तसेच, गोदामातली पोती कमी आहेत हे महिनाअखेरीच्या मोजणीतच कळते. म्हणून निदान ३० दिवस पुरेल एवढी डिस्क हवी. तेच सहा कॅमेरे एच.२६५ वर २ मेगाबिटला आणले तर ३० दिवसांना सुमारे ३.९ टी.बी. लागतील, म्हणजे ४ टी.बी.ची डिस्क जेमतेम पुरेल. पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी १८ महिने आणि ते न जमल्यास निदान एक वर्ष चित्रण ठेवण्यास सांगितले, यावरून जुन्या चित्रणाचे मोल कळावे.

दुसरे, घड्याळ. मिश्र जोडणीत घड्याळे अनेक असतात. अ‍ॅनालॉग कॅमेऱ्यावरची वेळ पेटी लिहिते, आय.पी. कॅमेरा मात्र स्वतःचे घड्याळ बाळगतो. भारताची वेळ, म्हणजे ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास, दोन्हीकडे निवडली नाही तर एकाच दारातला माणूस एका कॅमेऱ्यात दुपारी ३ वाजता आणि दुसऱ्यात सकाळी साडेनऊला दिसतो. पेटीतला छोटा सेल संपला तर वीज गेल्यावर तारीखच कुठल्या कुठे जाते. पेटीला इंटरनेटवरून वेळ घ्यायला लावावे आणि कॅमेऱ्यांना पेटीकडून.

वेळेवर किती अवलंबून असते, याचे आपल्या राज्यातले उदाहरण जालन्याचे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत एका उमेदवाराचे अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर दाखल झाले, असा दावा होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या व बाहेरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण. त्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, मूळ यंत्र न्यायालयात आणणार नसाल तर नकलेसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. ज्याने ते मिळवण्याची सारी खटपट केली, त्यालाच सवलत. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे ६३ वे कलम लागू आहे आणि त्यातल्या प्रमाणपत्रात नकलेची हॅश किंमत, म्हणजे तिच्या अंगठ्याच्या ठशासारखी खूण, नोंदवावी लागते. तेव्हा घटना घडली की मोबाईलने पडद्याचा व्हिडिओ काढून गावभर पाठवू नये. पेटी बंद करू नये, फॉरमॅट तर मुळीच करू नये. तो कालावधी पेनड्राइव्हवर काढावा आणि पोलिसांना पेटीची माहिती द्यावी.

पासवर्डविषयी थोडे. २०१६ साली मिराई नावाच्या विषाणूने जगभरचे कॅमेरे आणि डी.व्ही.आर. काबीज केले, ते कंपनीने दिलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते म्हणून. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक झाल्या आहेत. तरी पासवर्ड बसवणाऱ्या पोराच्या मोबाईलमध्येच राहिला, तर तो आपला नव्हे. तो आपल्या हाताने बदलावा आणि घरात लिहून ठेवावा.

काम पुरे झाल्यावर त्याच रात्री दिवे घालवून प्रत्येक कॅमेऱ्यासमोरून चालावे. दुसऱ्या दिवशी ते पाच मिनिटांचे चित्रण पेटीतून शोधून पेनड्राइव्हवर घ्यावे आणि दुसऱ्याच संगणकावर लावून पाहावे. चेहरा ओळखू येतो का, वेळ सगळीकडे एकच आहे का, हे बघून मगच बसवणाऱ्याची राहिलेली रक्कम द्यावी.